केक फुगतो, पण बाहेर काढताच बसतो. असं का होतं? घरच्या स्पंज केकमागचं साधं विज्ञान

बोरिवली असो, अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी मेसेज येतोच, 'होममेड केकच्या ऑर्डर घेतल्या जातील. एगलेस मिळेल.' २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेक बेकऱ्या बंद होत्या आणि वाढदिवस मात्र थांबले नव्हते. तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदा केक झाला. काहींचा छंद तिथेच संपला, काहींनी त्यातून छोटा व्यवसाय उभा केला.

पण छंद असो की व्यवसाय, एक तक्रार सगळीकडे सारखी असते. रीलमध्ये दाखवलं तसंच सगळं केलं, ओव्हनच्या काचेतून केक छान फुगलेला दिसला, आणि बाहेर काढून पाच मिनिटं होत नाहीत तोच मध्यभागी खड्डा पडला. मग दोष बेकिंग पावडरला जातो. पुढच्या वेळी ती अर्धा चमचा जास्त पडते आणि खड्डा आणखी खोल होतो.

असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आधी स्पंज म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं.

केक फुगवते ती हवा

स्पंज केक म्हणजे हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांभोवती उभी राहिलेली पातळ भिंत. हे बुडबुडे मिश्रणात ओव्हनच्या बाहेरच भरावे लागतात. अंडी आणि साखर फेटताना, किंवा लोणी आणि साखर एकत्र घोटताना, ही हवा आत शिरते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करते, असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरतो आणि त्यांना मोठं करतो. पाण्याची वाफही तेच करते. म्हणजे फेटण्यात कमी पडलेलं काम पावडर भरून काढू शकत नाही.

आता ओव्हनमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे उष्णतेने बुडबुडे प्रसरण पावत असतात. दुसरीकडे त्यांच्या भिंती घट्ट होत असतात, कारण अंड्यातली प्रथिनं साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गोठतात आणि मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. साखर या दोन्ही क्रिया थोड्या लांबवते. केकचा मधला भाग साधारण ९५ अंशांच्या पुढे गेला की भिंती पक्क्या होतात.

सगळा खेळ वेळेचा आहे. भिंती पक्क्या होण्याआधी बुडबुडे फुटले, की केक बसतो. पावडर जास्त पडली तर बुडबुडे फार मोठे होतात, भिंती ताणून पातळ होतात आणि फुटतात. ओव्हनचं दार पंधराव्या मिनिटाला उघडलं तर आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि ओल्या भिंतींना भार पेलवत नाही. केक कच्चा असताना बाहेर काढला तरी तेच. खड्डा नेहमी मध्यभागी पडतो, कारण उष्णता तिथे सगळ्यात शेवटी पोहोचते.

'रूम टेम्परेचर' कुणाच्या घरातलं?

इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती थंड देशांतून आलेल्या असतात. त्यात लिहिलेलं असतं, 'लोणी रूम टेम्परेचरला आणा'. तिथे याचा अर्थ असतो साधारण २० अंश. त्या तापमानाला लोणी मऊ असतं, पण पातळ नसतं. साखरेचे कण त्यात घासले जातात आणि हवेचे बुडबुडे अडकून राहतात.

मे महिन्यात मुंबईचं दुपारचं तापमान ३३-३४ अंशांपर्यंत जातं. गॅस चालू असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणजे ओट्यावर तासभर ठेवलेलं लोणी वितळायला आलेलं असतं, आणि वितळलेल्या लोण्यात कितीही घोटलं तरी हवा टिकत नाही. पाककृती बरोबर असते, करणाऱ्याचा हातही बरोबर असतो, फक्त घर वेगळं असतं.

यावर उपाय सोपे आहेत. लोणी फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच वापरायला घ्यायचं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तेलकट ओल लागू नये, ही खूण. घोटताना ते सैल पडायला लागलं तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. किंवा सरळ तेलाचा स्पंज करायचा. त्यात हवा अंड्यांतून भरायची असल्यामुळे लोण्याच्या तापमानाचा प्रश्नच येत नाही. शिवाय घरात नेहमी असतं ते अमूल बटर खारं असतं, त्यामुळे ते वापरलं तर पाककृतीतलं मीठ वगळायचं.

अंड्यांच्या बाबतीत मात्र मुंबईची हवा मदतच करते. कोमट अंडी जास्त फुगतात. थंड देशांत त्यासाठी अंडी आणि साखरेचं भांडं गरम पाण्यावर धरतात. इथे अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवली की काम भागतं.

अंड्याचा स्पंज: चार पदार्थ आणि एक वजनकाटा

साध्या स्पंजला ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम तेल किंवा वितळलेलं लोणी पुरतं. हे प्रमाण आठ इंची टिनला बसतं. चवीला व्हॅनिला इसेन्स.

वजन करूनच घ्यायचं, कारण आपल्या वाट्यांचा काही भरवसा नसतो. २४० मिलीच्या कपात चाळलेला मैदा हलक्या हाताने भरला तर तो १२० ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच डब्यात कप खुपसून दाबून घेतला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. भाजीत वाटीभर पाणी इकडेतिकडे झालं तर उकळून आटवता येतं. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की काही दुरुस्त करता येत नाही.

अंडी आणि साखर इलेक्ट्रिक बीटरने सहा ते आठ मिनिटं फेटायची. मिश्रण पांढुरकं होऊन जवळपास तिप्पट व्हायला हवं. बीटर उचलल्यावर खाली पडणारी धार पृष्ठभागावर काही सेकंद रिबिनीसारखी दिसत राहिली, की झालं. धार लगेच विरघळली तर अजून फेटायचं. हाताने फेटलं तरी चालतं, पण वेळ दुप्पट लागतो आणि खांदा दुखतो.

मग मैदा दोनदा चाळून, दोन-तीन भागांत, मोठ्या चमच्याने तळापासून वर उचलत मिसळायचा. घाईने गोल-गोल ढवळलं तर मघाशी भरलेली हवा निघून जाते. शिवाय मैद्यातलं ग्लुटेन जागं होतं आणि केक रबरासारखा चिवट होतो. तेल मात्र थेट ओतायचं नाही. दोन चमचे मिश्रण वाटीत घेऊन त्यात तेल मिसळायचं आणि मग ते परत भांड्यात घालायचं. नाहीतर तेल तळाशी बसतं आणि केकच्या बुडाला घट्ट थर तयार होतो.

१७० अंशांना आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटं. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. मध्यभागी बोटाने हलकं दाबलं आणि केक परत वर आला, टूथपिक कोरडी निघाली, कडा टिनपासून किंचित सुटल्या, की केक तयार. या प्रकारात फेटण्याचं काम नीट झालं असेल तर बेकिंग पावडरची गरजच पडत नाही.

मग बिनअंड्याचा केक कसा उभा राहतो?

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न टाळता येत नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या सोसायट्यांत मराठी कुटुंबांच्या शेजारी गुजराती आणि जैन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. वाढदिवसाला मजल्यावरची सगळी मुलं येणार असतील तर केक असा हवा, की कुणालाही नाही म्हणावं लागू नये. चतुर्थी, श्रावण, मार्गशीर्ष पाळणाऱ्या मराठी घरांतही तेच.

त्यामुळे बिनअंड्याचा केक इथे सवलत म्हणून नाही, गरज म्हणून रुजला. तो घराघरांत पोहोचवणाऱ्यांत एक मोठं नाव तरला दलाल यांचं. १९३६ मध्ये पुण्यात जन्मलेल्या दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत राहत्या घरी पाककलेचे वर्ग सुरू केले. १९७४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पुढे त्यांच्या शाकाहारी पाककृती मराठीसह अनेक भाषांत गेल्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बिनअंड्याच्या केकसाठी कंडेन्स्ड मिल्क वापरण्याची पद्धत अनेक घरांत अशाच पुस्तकांतून आणि वर्गांतून आली.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अंड्याच्या पाककृतीतून अंडं नुसतं काढून टाकलं, तर केक होत नाही. अंडं एकटं तीन कामं करत असतं. ते हवा धरून ठेवतं, भिंत बांधतं आणि तेल-पाणी एकत्र ठेवतं. ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात.

• भिंतीचं काम: कंडेन्स्ड मिल्क किंवा दह्यातली दुधाची प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च मिळून हे काम करतात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये ४० टक्क्यांहून जास्त साखर असते, म्हणून त्या केकमध्ये वेगळी साखर फारशी लागत नाही.

• हवेचं काम: इथे बेकिंग पावडर आणि सोड्यावर भिस्त असते. सोड्याला आंबट जोडीदार हवा. दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर, काहीही चालतं. अर्धी वाटी दह्याला पाव चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त सोडा शिल्लक राहतो आणि केकला साबणासारखी चव येते.

• एकत्र ठेवण्याचं काम: यासाठी लोणी किंवा तेल दूध-दह्यात आधीच नीट फेटून एकजीव करावं लागतं. तयार प्रीमिक्स आणि 'केक जेल'मध्ये यासाठी इमल्सिफायर असतात. प्रीमिक्सचा केक नवख्या हातालाही फुलतो, तो यामुळे.

घरगुती प्रमाण साधारण असं: २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १४० ग्रॅम मैदा, ६० मिली वितळलेलं लोणी, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, १ चमचा व्हिनेगर आणि मिश्रण सैल होण्यापुरतं दूध किंवा पाणी. चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा, जेवणाचा नव्हे. लोणी पुन्हा घट्ट होऊ नये म्हणून दूध फ्रिजमधलं थंड घ्यायचं नाही. हा केक सहा-सात इंची टिनमध्ये १७० अंशांना अर्ध्या तासात होतो.

यात वेळ फार महत्त्वाची आहे. सोडा आणि आंबट पदार्थ भेटले की वायू लगेच निघायला लागतो. ईनोचंही तसंच. त्यात सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल आधीच असतं, त्यामुळे ओल लागताच फेस येतो. अशा वेळी टिनला बटर पेपर लावणं, ओव्हन तापवणं ही सगळी कामं आधी उरकायची आणि मिश्रण तयार झालं की दोन-तीन मिनिटांत ते आत गेलं पाहिजे. बाजारातली बहुतेक बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते, थोडी ओल लागल्यावर आणि बाकीची उष्णतेने. म्हणून ती थोडी जास्त सवड देते.

गंमत म्हणजे बेकिंग पावडरच्या जन्मातही घरातलाच एक पथ्याचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट होता. त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून १८३७ मध्ये त्याने बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर आली.

ओव्हन नाही, मग कुकर?

आपल्याकडे अनेकांचा पहिला केक कुकरमध्ये झालेला असतो. तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, झाकणाची शिटी आणि रिंग काढलेली. मिठाचा केकच्या फुगण्याशी काही संबंध नसतो. ते फक्त गॅसची आच सगळीकडे सारखी पसरवतं.

पण यात एक धोका आहे. प्रेशर कुकर पाण्यावर चालण्यासाठी बनवलेला असतो आणि तो कोरडा तापवू नये, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह साधारणपणे ठरावीक तापमानाला वितळण्यासाठीच केलेला असतो. तासभर कोरड्या आचेवर तो खराब होऊ शकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुकरमध्ये डाळ शिजवायची असते. त्यापेक्षा जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं आणि वर घट्ट बसणारं झाकण बरं. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून, मग मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं. वरचा भाग पांढुरका राहतो, कारण उष्णता खालून येते. झाकणाला आतून फडकं बांधलं तर वाफेचं पाणी केकवर टपकत नाही. फडक्याची टोकं मात्र झाकणावर उलटी घेऊन बांधायची, खाली गॅसपर्यंत लोंबकळू द्यायची नाहीत.

ओटीजी घेणार असाल तर आधी स्वयंपाकघरातलं सॉकेट पाहा. जुन्या इमारतींत ओट्याजवळ बऱ्याचदा ६ अँपिअरचं साधं सॉकेट असतं. १२०० वॉटचा ओव्हन ५ अँपिअरच्या आसपास वीज खेचतो, २००० वॉटचा जवळपास ९. मोठ्या ओव्हनला १६ अँपिअरचं सॉकेट लागतंच. एक्स्टेन्शन बोर्ड लावून काम चालवणं म्हणजे वायर तापवणं. दुसरी गोष्ट, ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असू शकतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला की अर्धे प्रश्न सुटतात.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक शिजतो, पण खरपूस होत नाही. तिथे पदार्थातलं पाणी तापतं आणि पृष्ठभाग भाजण्याइतका गरम होत नाही. केकसाठी कन्व्हेक्शन मोडच हवा. त्यात पंखा असतो, म्हणून तापमान पाककृतीपेक्षा १०-१५ अंश कमी ठेवायचं.

केकच सांगतो काय चुकलं

• मध्यभागी खड्डा: कच्चा काढला, दार लवकर उघडलं किंवा पावडर-सोडा जास्त.
• वर डोंगर आणि तडा: आच जास्त किंवा टिन लहान. कडा आधी पक्क्या झाल्या, मधला भाग नंतर फुटून वर आला.
• तळाला घट्ट, ओला थर: तेल नीट मिसळलं नाही किंवा फेटणं कमी पडलं.
• आत लांबट बोगदे आणि चिवटपणा: मैदा घातल्यावर जास्त ढवळलं.
• सगळीकडून बसका: बुडबुडेच नव्हते, किंवा पावडर जुनी.

शेवटचं कारण पावसाळ्यात हमखास असतं. मुंबईच्या दमट हवेत उघड्या डब्यातली बेकिंग पावडर ओल शोषते आणि हळूहळू निकामी होते. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहायची. जोरात फसफसली तर चांगली. सोडा तपासायचा असेल तर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. चार अंडी किंवा कंडेन्स्ड मिल्कचा डबा वाया घालवण्यापेक्षा ही दहा सेकंदांची तपासणी स्वस्त पडते.

विकायचा असेल तर

उपनगरांना केकची सवय बेकऱ्यांनी लावली. मॉन्जिनिससारख्या साखळीची दुकानं स्टेशनांबाहेर आली आणि वाढदिवस म्हणजे केक हे समीकरण पक्कं झालं. त्याआधीही आंबोली, मरोळ, गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळात रवा, नारळ आणि अंड्यांचं 'थाळी स्वीट' भाजलं जायचं. घरोघरी दिवाळीला नानकटाईचं सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाण्याची पद्धत होती. आता भट्टी घरात आली आहे आणि तिच्याबरोबर जबाबदारीही.

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली एफएसएसएआयकडे नोंदणी करावी लागते. छोट्या व्यावसायिकांसाठी ती ऑनलाइन होते. खुणांचा नियमही स्पष्ट आहे. दूध शाकाहारी धरलं जातं, अंडं नाही. पाकिटावर अंड्याच्या केकला हिरवी खूण लावता येत नाही, त्यासाठी तपकिरी खूण आहे.

घाटकोपर-मुलुंडसारख्या भागात हा विश्वासाचा विषय होतो. 'एगलेस' म्हणून दिलेल्या केकसाठी अंड्याचा बीटर, भांडी आणि टिन वापरायचे नाहीत, हे ग्राहक गृहीतच धरतो. म्हणून दोन्ही प्रकार करणारे अनेक जण भांड्यांचे दोन संच ठेवतात, आणि ऑर्डर घेतानाच तसं सांगतात.

केक पूर्ण थंड झाल्याशिवाय गुंडाळायचा नाही. आतली वाफ बाहेर पडायला तास-दीड तास लागतो. गरम केक प्लॅस्टिकमध्ये बांधला तर ओल धरते आणि पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. साधा स्पंज बाहेर एक-दोन दिवस राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायचा, कारण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो कोरडा पडतो. क्रीम लावलेला केक मात्र फ्रिजमध्येच ठेवायचा.

पहिला केक करणाऱ्यांनी मोठ्या ऑर्डरच्या किंवा वाढदिवसाच्या आदल्या रात्री प्रयोग करू नये. एखाद्या रविवारी निम्म्या प्रमाणात, पाच-सहा इंची टिनमध्ये करून पाहावा. वजनं, ओव्हनचं तापमान आणि लागलेली मिनिटं वहीत लिहून ठेवावीत. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन-चार रविवारांत आपल्या घरच्या ओव्हनचा आणि आपल्या घरच्या हवेचा अंदाज येतो, आणि तो कुठल्याच रीलमध्ये मिळत नाही.